नव्या मोटारी आणि भायाचा भंडारा

नवऱ्याचं नाव घेऊ नाय म्हणतात. मी घेते. भिकन. गावाकडं त्याला थोटा म्हणतात, वाळूजच्या कारखान्याच्या शेडमध्ये 'ए प्रेसवाला' म्हणायचे. आता बायकोनं बी नाव घ्यायचं नाय, तर मग आईबापानं ठेवलं कशाला?

मी सरूबाई. आमची वस्ती सिल्लोडच्या अलीकडं, घराणं मेंढरावालं. सगळ्यात भिकन तेवढा मेंढरं सोडून शहरात आला, आणि मेंढरामागचं चालणं सुटलं म्हणून मी देवाला नारळ फोडला. मुकुंदवाडीत पत्र्याच्या दोन खोल्या घेतल्या. तवापासून मी कुणावर ना कुणावर चिडलेलीच हाय, आणि ज्याच्यासाठी चिडते तो गार. त्याच्या वाटचा राग बी मलाच करावा लागतो.

त्याच्या हाताचं आधी सांगते. पत्रा कापायच्या प्रेस मशीनला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच वरचा ठोका खाली येतो, म्हंजे हात मधी राहत नाय. त्या शेडमध्ये माल भराभर निघावा म्हणून एक बटण लाकडाची पाचर ठोकून कायमचं दाबून ठेवलं होतं. एका हातानं पत्रा सरकवा, एका हातानं मशीन मारा. भिकनच्या उजव्या हाताची मधली तीन बोटं गेली. अंगठा अन् करंगळी राहिली. सुपरवायझर दवाखान्यात केळी घेऊन आला आणि म्हणाला, "हात वेळेवर काढायचा असतो." मी ती केळी त्याच्या अंगावर फेकली. भिकन म्हणाला, "अगं, केळ्यांनी काय केलंय?"

असा माणूस. पुढं एकदा एका मोठ्या दुकानात पोरं टेबलावर छोट्या गाड्या पळवताना त्यानं काचेबाहेरून बघितलं. टेबलाला खाच, खाचेच्या दोन्ही अंगांना तांब्याची पट्टी, पट्टीत करंट. गाडीच्या पोटाखालचा खिळा खाचेत बसतो आणि पोराच्या हातात खटका. खटका जितका दाबला तितकी गाडी जोरात. वळणावर जास्ती दाबला की गाडी खाच सोडून उडते आणि पोरं बोंबलतात. एवढं बघून हा घरी आला. सुताराकडून प्लायवूडचे तुकडे आणले, अंगठा अन् करंगळीत पटाशी धरली आणि खाच कोरायला बसला. मी म्हटलं, येड लागलं. चार तुकड्यांचा टेबल झाला, ॲपे रिक्षात मावायला लागला. वेरूळची महाशिवरात्र, पैठणची नाथषष्ठी, आणि सगळ्यात मोठी नवरात्रातली कर्णपुऱ्याची जत्रा. टेबलावर घर चालायला लागलं. भिकन गाड्या बघायचा, मी रांग धरायची आणि रांग मोडणाऱ्या बापांना शिव्या द्यायची.

आता भाया. भाया म्हंजे नवऱ्याचा थोरला भाऊ, आप्पा. आमच्यात भायासमोर डोक्यावर पदर घ्यायचा आणि तोंडातून शब्द काढायचा नाय. काही सांगायचंच असलं तर भिंतीला सांगायचं, भाया ऐकतात. लग्न झाल्यापासून मी त्यांच्याशी तोंडावर एक अक्षर बोलले नव्हते. जे बोलले ते भिंतीशी, तव्याशी, घागरीशी. माझ्यासारख्या बाईला ही केवढी शिक्षा हाय, ते माझं मला माहीत.

भिकनचा हात गेल्यापासून भाया सणावाराला यायचे. आले की बाजेवर बसायचे, आणि मग उठायचं नाव नाय. पाणी तिथंच, चहा तिथंच, कोनाड्यातली तंबाखूची पुडी बी मीच काढून द्यायची. आणि बसल्या जागेवरून एकच पालुपद. "भिकन, चल माघारी. मेंढरामागं बोटं लागत नायत, पाय लागतात. मी हाय ना तुला सांभाळायला." शेजारणीसमोर, घरमालकासमोर, जो दारात उभा राहील त्याच्यासमोर. मी तव्याला म्हणायची, "काय रं तव्या, लोकांना दुसऱ्याची बोटं मोजल्याबिगर भाकर गिळत नाय का?" भाया भाकर गिळायचे. भिकन बी गिळायचा.

मागल्या साली कर्णपुऱ्यात नेमकं नको ते झालं. जुन्या मोटारी झिजल्या म्हणून भिकननं गाड्यांमध्ये दिल्लीच्या नव्या मोटारी बसवल्या आणि तशाच टेबलावर सोडल्या. रिक्षाच्या बॅटरीचा करंट, त्यात पोरांनी खटका पार तळाला दाबलेला. दुसऱ्या माळेलाच आतून निळ्या ठिणग्या, जळका वास, आणि एकेक गाडी जागच्या जागी मेली. भर जत्रेत आमचा टेबल प्लॅस्टिकखाली झाकून पडला. आणि भाया देवीला आलेले. प्लॅस्टिककडं बघून म्हणाले, "बघ. म्हणत व्हतो का नाय?"

उन्हाळ्यात परत तेच पालुपद सुरू झालं, तवा भिकन उठला, देव्हाऱ्यातला बेलभंडारा उचलला आणि म्हणाला, "आप्पा, या कर्णपुऱ्यात माझा टेबल चालला नाय, तर दसऱ्याचं सोनं वाटून तुझ्यामागं येतो. चालला, तर परत हा विषय काढायचा नाय." बेलभंडारा उचलला की आमच्यात विषय संपला. जीव गेला तरी माघार नाय. मी घागर अशी आदळली की तिला पोचा पडला. मला न विचारता माझं आयुष्य उचलून त्या भंडाऱ्यात ठेवलं यानं. मेंढरामागं जायचं म्हंजे मी बी जायची, डोक्यावर बिऱ्हाड घेऊन.

मग भिकन शहागंजात वाहेदभाईंकडं गेला. ते मिक्सर अन् पंखे दुरुस्त करतात. मी मागंच उभी. वाहेदभाईंनी जळकी मोटार खोलली, आतलं काळं पडलेलं तांबं दाखवलं आणि म्हणाले, "नई मोटर को सीधा दौडाया क्या मियाँ? पैले कार्बन बैठने दे ना. धीमे चला, आराम से. नई बहू को पैले दिनइच चक्की पे बिठाते क्या?"

मला बसवलं होतं. पण ते जाऊ द्या.

गोष्ट अशी की मोटारीच्या आत कार्बनचे दोन तुकडे फिरत्या तांब्याला टेकलेले असतात. तांबं गोल, कार्बन नवेपणी सपाट. हळू फिरवलं की कार्बन झिजून तांब्यावर नीट बसतो. एकदम जोरात फिरवलं की नुसत्या टोकावरून करंट जातो आणि सगळं जळतं. हळू म्हंजे तीन व्होल्ट. बॅटरी देती बारा.

तीन व्होल्ट आणायचे कुठून? दुकानात काटे अन् फिरवायची बटणं असलेला तयार डबा मिळतो, पाहिजे तेवढा करंट काढा. त्याची किंमत ऐकून भिकन म्हणाला, "एवढ्यात एक चांगला मेंढा येतो." मी म्हटलं, या घरात मेंढ्याचं नाव काढू नको. मग दिल्लीहून परत नव्या मोटारी मागवल्या आणि आमचे स्वस्तातले उद्योग सुरू झाले. टॉर्चच्या सेलवर मोटार छान फिरायची, पण कार्बन बसायच्या आधी सेल बसायचे. मोबाईलचा चार्जर पाच व्होल्टचा, आणि मोटार जोडली की तो डोळेच मिटायचा. रेडिओचा एलिमिनेटर आणला, त्याच्यावर तीन लिहिलेलं अन् मोटार बोंबलायची सहाची. म्हंजे लिहिणारा बी लबाडच. मग बॅटरीवरच चार मोटारी एकापुढं एक जोडल्या, बाराचे चार वाटे, प्रत्येकीला तीन. हिशोब बरोबर होता. पण एक अडली की बाकीच्या तिघी तिचा वाटा खाऊन बेफाम सुटायच्या. अशी एक मोटार जळाली. मी म्हटलं, जाळ सगळ्या, म्हंजे तुझ्या भावाला बरं वाटंल. तो नुसता हसला. त्याच्या त्या हसण्यावर मला भयंकर राग येतो.

शेवटी वाहेदभाईंनीच भंगाराच्या ढिगातून जुन्या कम्प्युटरची करंटची पेटी ओढून काढली. "ये लेके जा. तीन, पाँच, बारा, सब इसके पेट में है." किलोवर मोजून दिली. तिची हिरवी तार काळीला जोडली की पेटी जागी होते. नारिंगी तारेत तीन व्होल्ट अन् वर थोडं, लालमध्ये पाच, पिवळ्यात बारा. पेटीचा बी एक नखरा होता. तिला थोडं वझं लागायचं, नायतर ती रुसून बंद पडायची. म्हणून लाल तारेला भिकननं रिक्षाचा एक जुना बल्ब कायम जोडून ठेवला. मग नारिंगी अन् काळ्या तारेला चिमटे लावले, वर्तमानपत्रावर नव्या मोटारी मांडल्या, आणि त्या कशा फिरायला लागल्या म्हणून सांगू. न ओरडता, न तापता, नुसती घूंघूं. पेटी घरघरतीय, बल्ब जळतोय, भिकन मोटारीला हात लावून कोमट हाय का बघतोय. त्या दिवशी मी कुणालाच काही बोलले नाय.

सर्वपित्रीच्या दोन दिवस आधी भाया आले.

बाजेवर बसले. मी चहा नेऊन ठेवला. भिकन मोरीत हात धुवायला गेला होता. भायांनी मोटारींकडं बघितलं, बल्बकडं बघितलं, काठीवर जोर देऊन उठले आणि कमरेची पिशवी सोडली. आमच्यात नवं काही घरात आलं, मेंढी व्याली, बाज आणली, सून आली, की त्याच्यावर भंडारा उधळायचा. खंडोबाचा भंडारा, म्हंजे नुसती हळद, पिवळीजर्द. मी ओरडायला तोंड उघडलं, आणि भायासमोर ओरडायचं नाय म्हणून ते एवढंसं अडलं. तेवढ्यात "येळकोट येळकोट" म्हणून दोन मुठी भंडारा त्या फिरत्या मोटारींवर पडला.

मोटारीच्या डब्याला बाजूनं भोकं असतात. फिरती मोटार त्या भोकांतून भंडारा आत ओढून घेती. आतल्या तेलात हळदीचा लगदा झाला. घूंघूं होती त्याची करकर झाली, जळक्या हळदीचा वास सुटला आणि एकेक मोटार थांबली. भिकन ओल्या हातानं आला, त्यानं हिरवी तार ओढली, बल्ब विझला. भाया म्हणाले, "भंडाऱ्यानं बिघडती ती कसली रं मोटार?" आणि परत बाजेवर बसले.

मी भिंतीला म्हटलं, "भिंती, ऐक. कुणाकुणाला भावाचं घर उठवायचं असतं. मग ते देवाचं नाव घेऊन उठवतात. पाणी प्यायला बाजेवरून उठत नायत आणि उधळायला बरे उठत्यात." भिंतीनं ऐकलं. भाया चहा तसाच ठेवून काठी घेऊन निघून गेले. रात्री भिकन म्हणाला, "तुझ्यावर बी उधळला व्हता लग्नात. त्याच हातानं." मी म्हटलं, म्हणूनच माझं असं झालं.

दिल्लीचा माल जत्रेआधी यायची सोय नव्हती. भिकन एक मोटार रुमालात बांधून वाहेदभाईंकडं गेला, मी शिव्या देत मागं. वाहेदभाईंनी वास घेतला, हसले आणि म्हणाले, "हल्दी लगी है, तो नहला भी दे. पानी में डाल के चला." मला वाटलं, चेष्टा करतात. तसं मी बोलून बी दाखवलं. ते म्हणाले, "भाभी, चेष्टा नै. तीन व्होल्ट पे पानी में चलती. कचरा धुल जाता, कार्बन बी बैठ जाता. बस वो पेटी को पानी से दूर रखो, और बाद में सुखाओ, तेल दो."

घरी येऊन भिकननं माझ्या माहेरचा स्टीलचा पेला घेतला. दुसरा नाय, तोच. पेटी लांब फळीवर ठेवली, चिमट्याच्या तारा लांबवल्या आणि मोटार पाण्यात बुडवली. मी म्हटलं, शॉक बसून मेलास तर मी रडणार नाय. त्यानं ती अंगठा-करंगळीची बोटं पाण्यात घातली आणि म्हणाला, "तीन व्होल्टला मुंगी बी मरत नाय." तार जोडली. मोटार पेल्यात थरथरली, अडली, परत थरथरली आणि फिरायला लागली. पाणी आधी पिवळं झालं. ते फेकलं, दुसरं घेतलं. मग पाणी काळपट व्हायला लागलं, तो कार्बन. म्हंजे धुणं बी होत होतं अन् बसणं बी. प्रत्येक मोटारीला अशी अंघोळ घातली, उन्हात वाळवली, शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब दिला. काही मेल्याच. बाकीच्या उठल्या. पेल्याचा पिवळा रंग अजून गेला नाय.

घट बसले त्या दिवशी टेबल काही उभा राहिला नाय. मोटारी वाळायच्या होत्या. मी नुसती आमच्या जागेवर जाऊन बसले, कारण शेजारचा फुगे फोडायच्या बंदुकीवाला एकेक पाऊल आमच्याकडं सरकत होता. त्याला म्हटलं, आणखी एक पाऊल ये, तुझे फुगे मी फोडते, बंदुकीबिगर. तिसऱ्या माळेला ॲपेतून टेबल उतरला. भिकननं गाड्या खाचेत ठेवल्या, एक खटका माझ्या हातात दिला आणि एक त्यानं घेतला. गाड्या पळाल्या. वळणावर, पुलावर, परत वळणावर. पोरं धावत आली. मी रांगेला उभी राहिले आणि पहिल्याच बापाला झापलं.

आठव्या माळेला भाया येणार हे मला माहीत होतं. त्यांच्यासाठी मी काय काय साठवून ठेवलं होतं. टेबलाशी बोलायचं ठरवलं होतं. "टेबला, सांग रं लोकांना, तू चालतोस का नाय?" पुरं पाठ केलं होतं.

मी त्यांना गर्दीत लांबूनच बघितलं. बसस्टँडपासून कर्णपुरा काही लांब नाय, लेकरू चालत येतं. भाया वाटेतल्या एका पायरीवर बसले. उठले. पुढं बांगड्यांच्या दुकानापाशी परत बसले. दोन्ही हातांनी काठी धरून उठायला गेले, तर उठता येईना. बांगडीवालीनं काखेत हात घालून उभं केलं. आमच्यापाशी आले तवा तोंड घामानं भिजलं होतं. मी पदर घेतला, आणि पाठ केलेलं काही आठवंना.

भायांनी टेबल बघितला. गाड्या बघितल्या, रांग बघितली. मग कमरेची भंडाऱ्याची पिशवी सोडली. मी टेबलाच्या आडवी आले. पण त्यांनी ती भिकनच्या हातात दिली. "हे तू ठिव. नवं दिसलं की माझा हात राहत नाय."

म्हंजे मुद्दाम केलं नव्हतं. त्याचा बी मला रागच आला. एवढा जपून ठेवलेला राग, आणि त्याला बूडच राहिलं नाय.

भिकन म्हणाला, "आप्पा, टेबल चालला. आता मी येत नाय."

"नको येऊ," भाया म्हणाले आणि स्टुलावर बसले. बसले म्हंजे पडलेच. गुडघ्यावर हात चोळत राहिले. चोळता चोळता खाली बघून म्हणाले, "गुडघे गेलेत रं. चार वर्सं झाली. दिवाळीनंतर मेंढरं गोदाकाठाला न्यायची, आणि मला वस्तीबाहेर जाववत नाय. एकट्यानं व्हत नाय."

मेंढरामागं बोटं लागत नायत, पाय लागतात. चार वर्सं मी ते ऐकलं आणि ती बाज, ते पाणी, तो चहा, ती कोनाड्यातली पुडी मी मिजास समजले. आणि यांनी? आपलं दुखणं लपवायला माझ्या नवऱ्याचा हात गावभर दाखवत हिंडले. माझ्या डोक्यात जाळ झाला. पदर कधी खांद्यावर आला, मला कळलं नाय.

"मग तसं म्हणायचं व्हतं ना भाया," मी म्हटलं. "माझे पाय गेलेत, ये, एवढं म्हणायचं. त्याची बोटं कशाला काढली चार वर्सं, चारचौघांत?"

भिकन गाडी सोडून माझ्याकडं बघायला लागला. बंदुकीवाला बी थांबला. भायांनी मान वर केली. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं असंल.

"मागायची लाज वाटती, बाई," ते म्हणाले. "तुला सांभाळतो, ये, म्हणायची वाटत नाय."

भिकन हळूच म्हणाला, "दसऱ्यानंतर चार दिवस येतो, आप्पा. मेंढरं किती ठिवायची, किती इकायची, दोघं बघू. राहायला मातर नाय." भायांनी मान डोलावली.

रांगेतली पोरं कालवा करत होती. मी एक खटका घेतला आणि भायांच्या हातात कोंबला. "धरा. आणि हळू दाबा, मोटारी नव्या हायेत." त्यांनी कुठला हळू दाबायला. मेंढरं हाकल्यासारखा दाबला. गाडी सुसाट गेली, पहिल्याच वळणावर खाच सोडून उडाली आणि त्यांच्या पायापाशी मातीत पडली. पोरं हसली. भाया काठी धरून वाकायला गेले, पण गुडघा वळंना. हात अर्ध्यातच राहिला.

भिकन वाकला. अंगठा अन् करंगळीत गाडी उचलली, फुंकर मारून माती उडवली आणि परत खाचेत ठेवली.

"दोन बोटं पुरतात, भाया," मी म्हटलं. भिंतीला नाय, तव्याला नाय, तोंडावर म्हटलं.